उजव्या बाहीवरचं तेल

शमीमखालाला समोरून येणारी बाई आधी दिसायचीच नाही. आधी दिसायचं तिच्याजवळचं लेकरू, मग ते डाव्या हातावर आहे की उजव्या ते, आणि एवढं सगळं बघून झाल्यावर नजर शिल्लक राहिलीच तर ती बाई. त्यामुळे हसत येणाऱ्या ओळखीच्या बाईलाही ती ओळख द्यायची नाही. बाई जरा पुढं गेली की मला कोपर मारून म्हणायची, "डावी." निम्म्या मारेगावाला वाटायचं की शमीम टेलर घमेंडी आहे. तसं काही नव्हतं. ती कामात असायची.

मी तिची भाडेकरू होते. नगर जिल्ह्यातली मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि नेमणूक निघाली मारेगाव तालुक्यात. नोकरी आणि यवतमाळ जिल्हा दोन्ही एकदमच मिळाले, तेव्हा आमच्या घरच्यांनी पेढे एकाच गोष्टीचे वाटले. खालाचं घर रस्त्याला लागून होतं. पुढच्या खोलीत शिलाईमशीन, मधल्या खोलीत ती, मागच्या पत्र्याच्या खोलीत मी. पहिल्या दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "लेकरू?" मी म्हटलं, अजून लग्नच नाही. तिचा चेहरा असा पडला की जणू मी भाडं द्यायला नकार दिलाय.

उंच, हडकुळी बाई. गळ्यात कायम मापाची टेप. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं काळा दोरा बांधून कानाला अडकवलेला. तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, आणि त्या टाचण्यांतून शब्द कसे नीट बाहेर पडायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिकडच्या कितीतरी बायांसारखी तीही स्वतःबद्दल 'मी जातो, मी बसतो' असंच बोले. स्वयंपाक एकटीचा करायची आणि रोज तोच राग. "एका मानसाची भाजी होतच नाई वं बाई. कितीबी कमी टाक, उरतेच." मग ती उरलेली भाजी वाटीत घालून माझ्या दारात उभी. भाजी उरायची की उरवली जायची, हे मी कधी विचारलं नाही. मलाही त्या पत्र्याखाली एकटीनं जेवायचा कंटाळा यायचा.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बाहेर लोक त्यावर बोलायचे, पेपरात छापून यायचं. आमच्या दुकानात ते कपड्यांवरून कळायचं. दिवाळीला नवीन ब्लाउज शिवून घेणाऱ्या बाया जुनेच घेऊन यायला लागल्या. तेही घट्ट करायला. खाला शिवण उसवता उसवता म्हणायची, "निरे घट्टच करून मागून राह्यल्या. सैल कर म्हननारी एक बाई येत नाई."

पण अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बाईचा ब्लाउज आला की खाला आपल्या मनानं एक काम जास्तीचं करायची. डाव्या बाहीला आतून, कोपराच्या जरा वर, जुन्या धोतराचा मऊ तुकडा लावून द्यायची. तिथं लेकराचं डोकं टेकतं. आपल्याकडं तान्ह्याची टाळू तेलानं भरतात, ते तेल बाहीला लागतं, वरून घाम, आणि पुन्हा पुन्हा धुऊन तेवढंच कापड आधी विरतं. हे काम बायांनी सांगितलेलं नसे, त्याचे पैसे नसत. बऱ्याच जणींना तो तुकडा आहे हे माहीतही नसेल. मी एकदा म्हटलं, "खाला, डाव्याच बाहीला का?" तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, म्हणजे प्रश्न महत्त्वाचा होता.

"तेच तर मी साऱ्याइले पुसून राह्यलो," ती म्हणाली. "डावीकडंच काहून?"

आणि खरंच ती सगळ्यांना विचारायची. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर बसायची, मला शेजारी बसवायची आणि येणारीजाणारी प्रत्येक आई अडवायची. बहुतेक जणी बुचकळ्यात पडायच्या. आपण लेकरू कोणत्या हातावर धरलंय हे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलेलं असायचं. कुणी म्हणे सवय, कुणी म्हणे माझ्या आईनं तसंच धरलं. जवळच्या तांड्यावरून एक गोर-बंजारा म्हातारी भाकरीचं पीठ दळायला यायची. तिला सगळे याडी म्हणत, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिनं तर खालाला वेड्यातच काढलं. "उजवा हात कामाचा, म्हनून लेकरू डाव्यावर. एवढंबी समजत नाई तुले?"

खालाला ते पटलं. दोन आठवडे पटलं. मग तिला ब्लाउज शिवून घ्यायला आलेली एक डावखुरी बाई भेटली. ती डाव्या हातानं पोळ्या लाटायची, डाव्या हातानं झाडायची, आणि लेकरू? तेही डाव्याच हातावर. खाला इतकी खूश झाली की तिनं त्या बाईला चहा पाजला. "आता सांग म्हना याडीले," ती म्हणाली. "कामाचा हात डावा, अन् लेकरूबी डावीकडंच. मंग?"

मला गंमत वाटायची. एखादीला भरतकामाचा नाद असतो, हिला हा नाद आहे, असं मी धरून चालले होते. तो नाद नव्हता, हे कळलं ते डॉक्टरांमुळे.

खालाला ताप आला होता म्हणून मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं बोलके. नाडी बघत असताना तिनं त्यांनाही सोडलं नाही. ते हसले, म्हणाले, "चांगला प्रश्न आहे मावशी. असं म्हणतात की हृदय डावीकडे असतं ना, पोटात असताना मुलाने आईची तीच धडधड ऐकलेली असते. त्या बाजूला घेतलं की त्याला ओळखीचं वाटतं, शांत वाटतं."

खालानं हात काढून घेतला आणि पदर अंगभर ओढला. मला वाटलं ताप. परत येताना वाटेत दोन बाया लेकरं घेऊन गेल्या, तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी वाटीही आली नाही, तेव्हा मीच पेज करून तिच्या खोलीत गेले. दिवा न लावता ती खाटेवर बसली होती.

"बाई," ती म्हणाली, "माहा अन्वर उजव्या हातावर वाढला."

अन्वर तिचा एकुलता मुलगा. तो हैदराबादला फ्रिज दुरुस्त करायचा. कोवळ्या वयात मामाबरोबर काम शिकायला गेला तो तिकडचाच झाला. लग्नही तिकडंच केलं आणि खाला त्या लग्नाला पाहुण्यासारखी जाऊन आली. भांडण काही नव्हतं. ईदला कधी यायचा, मग यायचा थांबला. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन यायचा, बूथवाला हाक मारायचा, खाला चपला न घालताच धावायची, आणि मी भाजी चिरायला घ्यायच्या आत परत आलेली असायची. "अच्छी है? अच्छा हूं. रखता." एवढंच बोलणं.

त्या संध्याकाळी तिनं मला सांगितलं की अन्वर पोटात असतानाच त्याचे अब्बा गेले. मोटरपंप दुरुस्त करणारा धडधाकट माणूस, तापानं चार दिवसांत गेला. सासू आधीच नव्हती, माहेरची आई दूर. बाळंत झाली ती शेजारणींच्या जिवावर. "दुसऱ्या बायाइले कोनीतरी सांगते, असं घे, तसं घे. मले कोन सांगनार? ह्या डाव्या हातावर घेतलं की मले कसंतरीच व्हाये. जीव भरून ये, रडूच येऊन जाये. इकडं उजवीकडं घेतलं की हात कामाला लागला असं वाटे. मंग इकडंच घेतलं. त्याले माही धडधड आयकूच नाई आली बाई. म्हनून गेला का वं तो?"

मी शिक्षिका. मला कुणाचं चुकलं की लगेच समजावून सांगायची खोड. मी सांगितलं की असं काही नसतं, मुलं पोटामागं जातात, उजव्या-डाव्याचा काय संबंध. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हाव. पन तो दूर गेला हे तर खरं हाय ना." पेज थंड झाली. तिनं ती तशीच पिऊन टाकली.

पुढं कधीतरी याबद्दल मी स्वतःच वाचलं. हृदयाचं वाचलं, डाव्या बाजूच्या मुलाचा चेहरा आईला जास्त नीट उमगतो असंही वाचलं, आणि हेही वाचलं की मन फार खचलेलं असलं की काही आयांची बाजू बदलते, लेकरू नकळत उजवीकडं जातं. ते वाचताना मी मासिक मिटून ठेवलं. तोवर माझी बदली होऊन किती वर्षं लोटली होती आणि खालाला सांगायला खाला जवळ नव्हती.

पण तिला ते तिच्या पद्धतीनं कळलेलंच होतं, असं आता वाटतं. संगीताच्या वेळी ते दिसलं.

संगीता आमच्या मागच्या गल्लीत राहायची. वीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण, पदरात तान्ही मुलगी. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. त्या हंगामात कापूसच आला नाही, जिनिंग बंद राहिलं, आणि तो कामासाठी सुरतेला गेला. सुरुवातीला बूथवर फोन आले. मग आले नाहीत. संगीता ब्लाउज घट्ट करायला टाकून गेली. खालानं तो मशीनवर घेतला, नेहमीसारखा डाव्या बाहीला तुकडा लावायला उलटा केला, आणि मशीन थांबलं.

"हे पाय," म्हणत तिनं ब्लाउज माझ्यापुढं धरला. डावी बाही कोरी होती. टाळूच्या तेलाचा डाग उजव्या बाहीवर होता.

त्या क्षणापासून खालानं संगीताला धरलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चिंध्यांचं झबलं शिवून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी टोपडं. रोज जायची, आणि रोज एकच उद्योग. संगीताच्या उजव्या हातावरची पोर उचलायची आणि तिच्या डाव्या हातावर ठेवायची. "इकडं घे माय. इकडं आवाज येते तिले तुहा." खालाचा हिशेब सरळ होता. दुःखामुळं बाजू बदलली, तर बाजू बदलली की दुःखही हलेल. वाकडी शिलाई उसवून सरळ घातली की झगा सरळ बसतो, तसं. खाला उंबऱ्याबाहेर पडली की पोर परत उजवीकडं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मीही खालाबरोबर गेले होते. संगीता भिंतीला टेकून बसली होती, केस विंचरलेले नव्हते. खालानं सवयीनं पोरीला हात घातला, आणि संगीतानं तिचा हात झटकला.

"खाला, काहून रोज रोज हे करता? इकडं ठेवली का तिकडं ठेवली, त्याचा फोन येनार हाय का?"

पोर रडायला लागली. मला तिथून निघून जावंसं वाटलं. खाला हात मागं घेऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता.

"नाई येनार," खाला म्हणाली. "राहू दे तिकडंच. मी बसतो."

आणि बसली. उपदेश नाही, काही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती हातशिलाईचं काम घेऊन जायला लागली. हुक लावायचे, काजं करायची, हातानं तुरपाई घालायची. दोघी भिंतीला टेकून बसायच्या, खाला हुक लावायची आणि संगीता बघायची. मग कधीतरी संगीतानं सुई हातात घेतली. तिचे हुक सुरुवातीला तिरके बसायचे, खाला घरी आणून गुपचूप उसवायची आणि पुन्हा लावायची. मला सांगायची, "तिले नको सांगू." त्या दिवसांत खाला स्वतःच हसरी झाली होती. कुणाकडं तरी रोज जायचं होतं, हे तिचं औषध असावं. संगीताचं काय झालं म्हणाल तर केस विंचरायला लागली, एवढं मी पाहिलं.

पेरणीच्या आधी संगीताचे वडील राळेगावहून आले आणि लेकीला घेऊन गेले. खाला निरोप द्यायला गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पोर कोणत्या बाजूला आहे हे बघायला तिनं मान लांब केली, पण पोर होती आजोबांच्या खांद्यावर आणि संगीताच्या दोन्ही हातांत बोचकी. खाला घरी आली, हुकांची पुडी मशीनच्या खणात टाकली आणि काम करत बसली. मग खूप दिवस ती ओट्यावर बसली नाही. कोपर मारून "डावी" म्हणायचंही थांबलं. मला त्या कोपराची इतकी सवय झाली होती की बाजारातून जाताना मीच लेकरांकडं बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे.

मग एका सकाळी बूथवाल्यानं हाक मारली. मी भाजी चिरली, फोडणी दिली, पोळ्या केल्या, तरी खाला आली नाही. काळजी वाटून मी कोपऱ्यावर गेले, तर ती बूथच्या पायरीवर बसलेली.

"अन्वरले पोरगी झाली," ती म्हणाली. "त्याची बायको उठून बसत नाई, लय कमजोर हाय. मले म्हने, अम्मी, आ जा. संभाल इसको." ते शब्द तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिले. "आ जा म्हने."

मी आनंदानं तिला मिठीच मारली. तिनं मारू दिली, पण ती आनंदात नव्हती. ती घाबरली होती. घरी आल्यावर म्हणाली, "मी त्या लेकराले कसं घेऊ वं बाई? पुन्हा तसंच झालं तं?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. खाला खरंच शिकायला लागली. कपाटातल्या चादरीची घट्ट वळकटी करून ती डाव्या हातावर धरायची आणि मधल्या खोलीतून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत फेऱ्या मारायची. वळकटी सारखी घसरायची. तिचा डावा हात त्या कामाला तयारच नव्हता. कोपर नीट वळेना, मान अवघडायची. "पाय, कशी पडून राह्यली," म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हटलं, "खाला, ती चादर आहे. लेकरू तुम्हाला धरून राहील." म्हणाली, "अन्वर राह्यला का?"

मशीन तिनं शेजारच्या पोरीला वापरायला दिलं. घराची किल्ली माझ्याकडं. जायचा दिवस उजाडला तरी वळकटीशी तिचं काही जमलं नव्हतं. तिनं चादर झटकून घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली.

पांढरकवड्याची गाडी धरायची, तिथून आदिलाबाद, तिथून पुढं हैदराबाद. मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. लग्नसराई होती, गाडीला ही गर्दी. मी ट्रंक घेऊन घुसले, खिडकीची जागा धरली, तिला बसवलं आणि कशीबशी खाली उतरले. ती खिडकीत बसली, अंग चोरून, हात मांडीवर. मी म्हटलं, पाणी घेतलंय ना. ती म्हणाली, हाव.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. दारात रेटारेटी चालू होती, लेकरू घेऊन आत शिरणं शक्यच नव्हतं. आमच्याकडं अशा वेळी जे करतात तेच तिनं केलं. खिडकीशी आली, खालाला म्हणाली, "मावशी, धरा बरं एवढं," आणि रडणारं तान्हं मूल खिडकीतून आत सरकवून दाराकडं पळाली. ना नाव, ना गाव. खालाला विचार करायला वेळच नव्हता. मूल आत आलं आणि तिनं घेतलं.

उजव्या हातावर घेतलं. डोकं तिच्या उजव्या कोपरात बसलं आणि हात आपोआप वळला. वर्षानुवर्षं मशीनवर वाकलेली ती हडकुळी बाई एकदम सैल झाली. तिनं मूल छातीशी ओढलं, गाल त्याच्या कपाळाला लावला आणि हलकं हलकं डुलायला लागली. मूल दोनदा हुंदकलं, तिसऱ्यांदा जांभई दिली आणि तिच्याकडं बघत बघत झोपलं.

गाडी सुरू झाली. ती आई गर्दीतून वाट काढत एव्हाना खालाजवळ पोचली होती आणि मूल घ्यायला हात पुढं करत होती. खालानं मान हलवून तिला नको म्हटलं. मला राहवलं नाही. मी खिडकीबरोबर चालत चालत ओरडले, "खाला! अहो खाला, बघा ना, कोणत्या हातावर..."

खालानं माझ्याकडं रागानं पाहिलं.

"हळू बोल ना वं बाई," ती म्हणाली. "उठंन ते."